चाळणी ३.२.१ लवकरच

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. सकाळी ७.५०

पाचला उठायचं ठरलं होतं. गजर वाजला. बंद कोणी केला, माहीत नाही.

आजपासून रोज लिहिणार. एवढ्या मोठ्या प्रोजेक्टच्या मेंटेनरकडे नोंदी हव्यात. उद्या कोणी इतिहास लिहायला बसला तर पंचाईत नको.

'चाळणी' म्हणजे नेटवर्कमधून जाणारा डेटा पकडून तो कुठे अडकतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स. फुकट, कोड सगळ्यांसाठी उघडा, कोणीही दुरुस्ती करून पाठवावी. पण कोणाची दुरुस्ती घ्यायची आणि नवीन व्हर्जन कधी सोडायचं, हे एकच माणूस ठरवतो. तो मी. हे सगळं लिहिलं रामहरी सरांनी. मे महिन्यात त्यांनी कारभार माझ्याकडे दिला आणि भंडारदऱ्याला भातशेती करायला गेले. एवढ्या लोकांतून मलाच का निवडलं, याचा मी विचार करत नाही. गुण लपत नाहीत.

ज्योतीला समजावलं, मेंटेनर म्हणजे देखभाल करणारा. ती म्हणाली, म्हणजे वॉचमन. बायको आहे, सोडून दिलं.

संकल्प : ३.२.१ हे मेंटेनन्स अपडेट काढायचं. फक्त बारीकसारीक दुरुस्त्या. सध्या पितृपक्ष आहे, तेव्हा दसऱ्याला. माझ्या कारकिर्दीत प्रत्येक व्हर्जन साडेतीन मुहूर्तांपैकी एकावरच निघेल. परदेशातले लोक कुठल्याही वारी सोडतात, मग बग निघतात.

वेबसाइटवर टाकलं : ३.२.१ लवकरच. बरं वाटलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

कर्जतहून मेल. सकीना तांबोळी. तिथल्या एका दवाखान्यातले कॉम्प्युटर बघते. एक्स-रेचे फोटो नगरच्या डॉक्टरांकडे बघायला जातात, ते मधेच अडकतात. कुठे अडकतात ते पाहायला चाळणी लावली, की नेमकी तेव्हाच चाळणी आपोआप बंद पडते. बाईंनी चूक शोधली, दुरुस्त केली आणि पाठवलीसुद्धा. अकरा ओळी. सर, तेवढं व्हर्जन काढा, दवाखान्याची कमिटी अधिकृत व्हर्जनशिवाय काही टाकू देत नाही, असं लिहिलंय.

उत्तर दिलं : रिव्ह्यू केला जाईल.

अकरा ओळी म्हणजे गंमत नाही. एकेक ओळ एकेक दिवस घेते. शिवाय तिने ओळी सुरू करताना दोन स्पेस सोडल्यात, आपल्याकडे चार लागतात. परत पाठवलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वीस मिनिटांत चार स्पेस करून परत आलं. इतकी घाई मला संशयास्पद वाटते.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

लॅपटॉपची पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं. कुंकू जरा जास्त झालं, आता एंटरचं बटण अडकतं.

रिलीज नाही. कारण तांत्रिक. व्हर्जनला नाव काय द्यायचं, हेच ठरेना. रतनगड की हरिश्चंद्रगड? नावाशिवाय सोडणं म्हणजे बारसं न करता पोर शाळेत घालणं.

कॉलेजच्या लॅबमधले गहिनीनाथ मामा सोनं द्यायला आले होते. तीस वर्षं अटेंडंट आहेत, म्हणून लॅब इनचार्जशी, म्हणजे माझ्याशी, जरा सलगीने बोलतात. म्हणाले, सर, समदं झालंय तर मग बटन दाबायचंच राह्यलंय का? या माणसाला प्रोसेस म्हणजे काय ते कळत नाही.

आता दिवाळीचा पाडवा. नक्की.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकीनाचा मेल. एक आजी न्हाणीत पडून आल्या. खुब्याचा फोटो नगरला पोचायला दीड तास लागला, तेवढा वेळ आजी स्ट्रेचरवर कण्हत होत्या आणि मी खाली केबल हलवत बसले होते. सर, आमचं नेट कुठे अडतंय ते मला नुसतं बघायचंय.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण भावनेच्या भरात व्हर्जन काढलं तर गुणवत्तेचं काय? लिहिलं : अंतिम टप्प्यात आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

राहुरीला सासुरवाडीत. लॅपटॉप बरोबर नेला होता. ओवाळणी झाली, करंज्या झाल्या. दुपारी बसलो. बटण दाबलं. हो, दाबलं! कोणी म्हणू नये की दाबलं नाही.

व्हर्जनवर अधिकृत सही करायला पासवर्ड मागतं. मे महिन्यात मी असा जबरदस्त ठेवला होता की जगातल्या कुठल्याही हॅकरला सापडू नये. आज कळलं, किती जबरदस्त होता ते. मलाही सापडेना.

याचा अर्थ आपली सुरक्षा व्यवस्था उत्तम आहे. मेव्हण्याला सांगितलं, नेट स्लो आहे तुमच्याकडे.

४ नोव्हेंबर, सोमवार

पासवर्डचे एकोणचाळीस प्रयत्न. ज्योतीचं नाव, तिची जन्मतारीख, गाडीचा नंबर. ज्योतीने मागून पाहिलं आणि म्हणाली, माझी जन्मतारीख नऊ आहे, एकोणीस नाही. नऊ घालूनही उघडलं नाही. रात्री ताट माझं मीच वाढून घेतलं.

सकीनाला लिहिलं : गुढीपाडवा.

२२ डिसेंबर, रविवार. भंडारदरा

सरांना भेटायला आलो. त्यांच्याकडे दुसरी चावी आहे. त्यांनी मनात आणलं तर पाच मिनिटांत मला नवा पासवर्ड करून देतील. तेवढं एकच वाक्य बोलायचं होतं. बसमध्ये पाठही केलं होतं.

सर अंगणात भात वाळवत होते. फार प्रेमाने बोलले. मीही थंडीबद्दल बोललो, धरणातल्या पाण्याबद्दल बोललो, भाताच्या जातींबद्दल तर तासभर बोललो. मेंटेनरने पासवर्ड विचारायचा म्हणजे तहसीलदाराने कचेरीत जाऊन आपली खुर्ची कोणती ते विचारायचं. तोंडच उघडेना.

मग सरांनीच विचारलं, त्या तांबोळीची दुरुस्ती घेतलीस का? तिने त्यांनाही कळवलेलं दिसतंय. मी म्हणालो, रिव्ह्यू संपत आलाय. सरांनी वाळत घातलेला भात हाताने परत पसरला. मी धीर करून विचारलं, सर, माझीच निवड का केली होती? ते म्हणाले, अरे, मी सतरा जणांना मेल केला होता. उत्तर तुझं एकट्याचं आलं.

म्हणजे तत्परता बघितली. मी म्हटलं ना, गुण लपत नाहीत.

दोन किलो तांदूळ घेऊन परत.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

बंड! सकीनाने चाळणीचा सगळा कोड उचलून वेगळी आवृत्ती काढली. 'चाळणी-कर्जत'. लायसन्सप्रमाणे तसं करता येतं म्हणे. हे कोणी लिहिलं लायसन्समध्ये? तिच्या कमिटीने मान्यताही दिली, कारण रामहरी सरांनी पत्र दिलं. सरांचं वय झालंय.

तिचा मेल अगदी नम्र. सर, राग मानू नका, आता थांबणं शक्य नव्हतं. तुमचं व्हर्जन आलं की मी माझं बंद करीन.

मी 'ऐक्याची गरज' या विषयावर वेबसाइटवर चार पानी निवेदन टाकलं. एक प्रतिक्रिया आली, ती वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात होती.

अंदाज : कर्जतवालं महिनाभरात बंद पडेल.

३ मार्च, सोमवार

कर्जतवाल्याचं चौथं व्हर्जन आलं. सोमवारी! तिथी काय, नक्षत्र काय, काही नाही. बावीस जण काम करताहेत. त्यातले नऊ जण पूर्वी मला दुरुस्त्या पाठवायचे. त्यांच्या दुरुस्त्या माझ्याकडे अजून सुरक्षित आहेत, एकही हरवलेली नाही.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. ज्योती म्हणाली, आज तरी सोडा हो ते एकदाचं.

आज चौसष्ट प्रयत्न. मग श्रीखंड खाल्लं आणि झोपलो.

७ एप्रिल, सोमवार. दुपारी ३

लिहावंसं वाटत नाही, पण नोंदी ठेवायचं ठरलंय.

ऑनलाइन परीक्षा. अकरा वाजता कॉलेजचं नेट रखडलं. शंभर पोरं स्क्रीनकडे बघत बसलेली. प्राचार्या पंकजा मॅडम धावत आल्या. मी म्हणालो, मॅडम, काळजी नको, नेटवर्क अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर आहे, मी स्वतः त्याचा मेंटेनर आहे. ऐटीत चाळणी ३.२.० लावली.

बंद पडली. परत लावली. बंद. मॅडमनी विचारलं, हे तुमचंच ना?

गहिनीनाथ मामा हळूच म्हणाले, सर, त्या कर्जतच्या म्याडमचं हाय की तीन नंबरच्या मशिनीवर. म्या मागंच टाकून ठिवलंय, लई भारी चालतं.

चार मिनिटांत सापडलं. जिन्याखालच्या स्विचमध्ये, म्हणजे नेटच्या सगळ्या वायरी जोडायच्या डब्यात, एकाच वायरची दोन्ही टोकं खोचलेली होती, त्यामुळे डेटा तिथल्या तिथेच गरगर फिरत होता. मामांनी एक टोक उपटलं. पोरं लिहायला लागली. मॅडम मामांना म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून.

ते खोचलेलं टोक माझं होतं. शनिवारी जागा मोकळी दिसली, वायर लोंबकळत होती, नीटनेटकेपणासाठी खोचली. मी हे कोणाला सांगितलं नाही. मामांना माहीत आहे. त्यांनीही सांगितलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

चाळणीची वेबसाइट उघडली. 'लवकरच'ची ओळ गेली. तिथे रामहरी सरांची दोन वाक्यं आहेत. या आवृत्तीचं काम थांबवलं आहे. यापुढे सर्वांनी कर्जतची आवृत्ती वापरावी.

मला आधी फोन केला होता त्यांनी. तीन वेळा. मी उचलला नाही, कारण पासवर्डचं विचारतील असं वाटलं.

ज्योतीला सांगितलं, मी जबाबदारीतून मुक्त झालो. ती म्हणाली, बरं. आणि माझ्याकडे न बघता पोहे पुढे सरकवले. त्यात शेंगदाणे जास्त होते, मला आवडतात तसे.

६ मे, मंगळवार. दुपारी ४.३०

कर्जतवाल्यांना मार्गदर्शनाची गरज असावी, म्हणून त्यांचा कोड चाळला. दोष काढायचे या उद्देशानेच बसलो होतो. दोन दिवस बघितला. एक दोष सापडला. फाइल सेव्ह करताना डिस्क भरलेली असली तर प्रोग्रॅम गप्प बसतो, सांगत नाही. दुरुस्ती एका ओळीची. लिहिली, चालवून बघितली, परत चालवून बघितली, पाठवली.

लगेच एक छापील संदेश आला, मशीनने पाठवलेला. "हा तुमचा पहिलाच सहभाग दिसतो. नवीन आहात, बिचकू नका. काही अडलं तर विचारा, इथे कोणी हसत नाही."

नवीन! मी! रागाने उत्तर टाइप करायला घेतलं. अर्धं झालं असेल तेवढ्यात सकीनाचं आलं. हर्षल सर, बरोबर आहे, आमच्या लक्षातच आलं नव्हतं. घेतलं. आजच्या व्हर्जनमध्ये जाईल.

नऊ मिनिटं लागली. माझ्याकडे आली असती तर अजून रिव्ह्यू चालू असता.

त्यांच्या पानावर खाली काम करणाऱ्यांच्या नावांची यादी आहे. तेविसावं नाव : हर्षल औताडे, कोपरगाव. कितीतरी वेळ बघत बसलो. ज्योतीने विचारलं, डोळ्यांत काय गेलं? तिला स्क्रीन दाखवली. म्हणालो, माझी एक ओळ घेतली.