परातीतलं पाणी

बनशंकरी, मंगळवार संध्याकाळ

आज कॉलेजात मी द्रवाची व्याख्या शिकवली. स्थिर पाणी बाजूला सरकवणारा ताण जराही सोसत नाही, म्हणून त्याचा पृष्ठभाग सपाट, एका पातळीतच राहतो. घरी आले तर अक्का, माझ्या सासूबाई, जमिनीवरच्या परातीकडे बघत बसलेल्या. मुंग्या लागू नयेत म्हणून दुधाचं पातेलं आम्ही त्या पाण्यात ठेवतो.

"पाणी भिंतीकडे चाललंय गं."

खरंच, पाणी एका काठाशी जमलं होतं, दुसरीकडे तळ कोरडा. परात वाकडी असेल? फिरवून ठेवली. पाणी परत त्याच भिंतीकडे. म्हणजे पाणी सपाटच होतं, कललं होतं घर. त्या भिंतीपलीकडे तळघरासाठी खोल खड्डा खणतायत.

"अक्का, बाहेर चला."

"कुकर लावलाय, स्वल्प थांब, थोडंच."

मी गॅस बंद केला आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. शेजारचं खोदकाम थांबवायला लावलं.

समोरच्यांच्या ओट्यावर बसून लिहितेय. घर इथून अगदी सरळ दिसतं, त्याचीच भीती वाटते. मघाशी अक्कांची शाल आणायला दारापर्यंत गेले. सताड उघडं टाकलेलं दार आपोआप लागलं होतं आणि चौकटीत असं घट्ट बसलं होतं की ढकलूनही हललं नाही.