तुमचा संगणक सिध्द आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ९.४०
चष्म्याच्या दुकानात काउंटरवरची काच पुसत होतो. तेवढ्यात संगणकाच्या पडद्यावर निळी चौकट आली. आत लिहिले होते: 'नव्या सिस्टीमसाठी तुमचा संगणक सिध्द आहे. आत्ता की नंतर?'
'नंतर' दाबले. मग विचार केला.
एक, मी यांना काही विचारले नव्हते. दोन, फुकट देतो म्हणतात. फुकट कोणी चष्मासुद्धा पुसून देत नाही. (आम्ही देतो, पण त्यात आमचा हेतू असतो.) तीन आणि सर्वांत गंभीर: 'सिध्द'. आधी अर्धा द, मग पूर्ण ध, हे पाचवीत शिकवतात. ज्यांना 'सिद्ध' लिहिता येत नाही ते काय सिद्ध करणार?
मालक एका ग्राहकाच्या डोळ्यात टॉर्च मारत होते. त्यांना सांगितले. म्हणाले, संगणक तुझ्या ताब्यात दिलाय ना, मग तूच ठरव, महिना संपायच्या आत. पण एकाही गिऱ्हाइकाचा नंबर इकडचा तिकडे झाला तर मला तोंड दाखवू नकोस.
मला कायम करायचे की नाही, हेही ते महिनाअखेर ठरवणार आहेत. दोन वर्षे तात्पुरता आहे. दहावीला गणितात दोनदा गेलो. भाषेत मात्र शाळेत पहिला. अशा माणसाला दुसरीकडे कोण उभे करणार?
संगणकात ४,११२ लोकांचे नंबर आहेत. एक चुकला तरी तो माणूस जिन्यावरून पडेल आणि मी नोकरीवरून.
निर्णय: घाई नाही. सर्व बाजूंनी संशय घेऊन मगच ठरवणे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
चौकट पुन्हा. 'नंतर'.
इतरांची मते घेतली. काका मागच्या खोलीत मशीनवर काचा घासतात आणि मला पंडित म्हणतात. म्हणाले, पंडित, माझं मशीन तेहतीस वर्षांचं आहे, पण मला नवं कर म्हणून एकदा तरी तोंड उघडलंय का त्यानं? मुद्दा बिनतोड. लिहून घेतला.
मग नवीला विचारले. नवी म्हणजे तीन महिन्यांपूर्वी फ्रेम बसवायला आलेली मुलगी, सिस्टीम नव्हे. म्हणाली, आमच्या घरी भावानं केलं की, चाळीस मिनिटं लागली. करून टाका ना दादा, एवढं काय त्यात.
तिला कसली घाई? लक्ष ठेवणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर
संकल्प: सर्व ४,११२ नंबर हाताने वहीत उतरवणे. रोज दोनशे, म्हणजे एकवीस दिवसांत काम फत्ते. जाड वह्या सहा आणल्या.
पासवर्डही बदलला. शब्द इथेसुद्धा लिहीत नाही. त्यात दोन ठिकाणी चुकण्याची उत्तम सोय आहे आणि तो शुद्ध लिहू शकेल असा या दुकानात मी एकटाच, एवढे पुरे.
उतरवलेले: ३१. (अक्षर चांगले काढायचे म्हणजे वेळ लागतो.)

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आज उतरवलेले: ९. पहिल्या पानावर समासाची रेघ तिरकी गेली होती, म्हणून ते पान फाडले. एकूण: २७.
कंपनीला संगणकावरूनच पत्र धाडले. महोदय, आपण धला द जोडला आहे, कृपया दला ध जोडावा. दोन मिनिटांत उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.
घाबरले आहेत.

शनिवार, ८ नोव्हेंबर
पेन ड्राइव्ह घेतला आणि सर्व नंबर त्यात भरले. लपवण्याची जागा: खालचा खण, उजवीकडून चौथे, चष्म्याचे रिकामे घर. चोर आला तर चष्मा चोरेल, नुसते घर कोण नेतो?

सोमवार, १० नोव्हेंबर
नवीने ते घर एका आजींना नव्या चष्म्याबरोबर देऊन टाकले. शनिवारीच. आजी आज परत आल्या. म्हणाल्या, चष्मा झकास आहे रे बाळा, पण ही शिट्टी वाजत नाही. फुंकण्याआधी त्यांनी ती साबणाने धुतली होती.
पेन ड्राइव्ह गेला. नवी म्हणाली, दादा, मला काय स्वप्न पडलं होतं का? घरावर नाव लिहायचं ना.
पन्नास घरांतून नेमके तेच उचलले. योगायोग? हं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.५०
मालक दुपारपासून बाहेर. नवी साडेसहालाच गेली. (एवढ्या लवकर का? घरी पाहुणे, म्हणे.) काका सातला. दुकानात मी एकटा. ही वेळ मला आवडते. कोणावर लक्ष ठेवावे लागत नाही.
नियमाप्रमाणे काचा पुसायच्या मऊ फडक्याने कळफलक पुसला. प्रत्येक कळ तीन वेळा, मोठ्या कळा पाच वेळा. मध्येच निळी चौकट आली, पण हातात फडके असल्याने मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुसून झाल्यावर वर बघतो तो चौकट गायब. दुर्लक्ष हाच उत्तम उपाय, हे सिद्ध झाले.
त्यानंतर पडद्यावर एक गोल फिरत राहिला. दमला असावा. बंद करून त्याला आणखी त्रास दिला नाही, तसाच ठेवून कुलूप लावले.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ९.३५
पडद्यावर: 'तुमचा संगणक सिद्ध आहे.'
सिद्ध! आधी अर्धा द, मग पूर्ण ध. कंपनीने माझे ऐकले. पाच दिवसांत. दहावी नापास माणसाच्या पत्रापुढे एवढी मोठी कंपनी वाकली.
आईला फोन करून सांगितले. आई म्हणाली, चांगलं झालं, मग कायम केलं का?
आज चौकट आली नाही. शरमली असेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
चौकट नाही. संगणक पापणी लवायच्या आत सुरू होतो. दोन वर्षे माझ्याशी अबोला धरलेल्या प्रिंटरने पहिल्या हाकेला कागद दिला.
मालकांना म्हटले, बघा, आपण नवी सिस्टीम घेतली नाही म्हणून जुनी कशी खूश आहे. मालक म्हणाले, असं असतं होय? म्हटले, असंच असतं, जुनं ते सोनं. मालक म्हणाले, बरं बाबा, तुला यातलं कळतं. हे वाक्य महिनाअखेर उपयोगी पडेल.
वहीत उतरवण्याचे काम स्थगित. धोका टळल्यावर मेहनत करणे म्हणजे स्वतःवर अविश्वास. एकूण: २७.

शनिवार, १५ नोव्हेंबर
गंभीर प्रकार. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातले बटण मधोमध आले आहे. मी सरकवलेले नाही. चौकटींचे कोपरेही घासल्यासारखे गोल दिसतात. कदाचित बुधवारपासूनच असतील, पण बुधवारी माझे सगळे लक्ष 'सिद्ध'कडे होते.
माझ्या नाकाखाली कोणीतरी जुन्या सिस्टीमला हात लावला आहे.
काकांना विचारले, तुम्ही काही केलंत का? म्हणाले, मी काचांचे कोपरे घासतो रे पंडिता, तेही पैसे घेऊन. तुझ्या डब्याचे फुकट कशाला घासू?
काका सुटले. मालक स्वतःच्या दुकानात कशाला करतील? राहिली कोण?

सोमवार, १७ नोव्हेंबर
सापळा लावला. जेवायला जाताना स्वतःच्या डोक्याचा एक केस कळफलकावर आडवा ठेवला. परत आलो तर केस नाही.
पंखा चालू होता, हे खरे. पण पंखा लावला कोणी? नवीने.

गुरुवार, २० नोव्हेंबर
मालकांना लेखी तक्रार दिली. विषय: संगणकात परस्पर ढवळाढवळ. तीन पाने, एकही खाडाखोड नाही. मालकांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली. म्हणाले, शुद्धलेखन चांगलं आहे. पण खरं निघालं तर त्या मुलीला उद्यापासून येऊ नकोस म्हणावं लागेल, कळतंय ना? आणि खोटं निघालं तर?
मी म्हणालो, दुरुस्तीवाल्याला बोलवा, खोटं निघालं तर त्याची फी माझ्या पगारातून कापा. माझ्याकडे रोजची नोंद आहे, तारीखवेळेसकट.
मालकांनी नवीला आत बोलावून विचारले. ती पाच मिनिटांत बाहेर आली आणि उरलेल्या फ्रेम बसवत राहिली. रोज जाताना 'येते दादा' म्हणते. आज नुसते 'येते' म्हणाली. एक शब्द गाळला की वाक्य किती बदलते.

शनिवार, २२ नोव्हेंबर
आज काकांनी मला 'अहो' म्हटले. अहो, जरा बाजूला होता का?
तेहतीस वर्षांच्या मशीनवाल्याने मान दिला तर बरे वाटायला हवे. वाटले नाही. कारण: पित्त.

बुधवार, २६ नोव्हेंबर
दुरुस्तीवाला परवा येणार. त्याला म्हणे गावभर कामे आहेत.
नवीने काकांना विचारलेले कानावर आले: मला काढलं तर कोणत्या दुकानात विचारू हो? काका म्हणाले, आधी काढू तर दे.
संकल्प: तिच्याशी मोठ्या मनाने वागणे. ती गेल्यावर फ्रेमही मीच बसवीन, म्हणजे दुकानाचे अडायचे नाही. सराव म्हणून एक बसवली. काडी तुटली. माल हलका होता.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. दुपारी १.१०
सर्व जसे झाले तसे लिहितो.
दुरुस्तीवाला अकराला आला. तक्रार काय, म्हणाला. मी सांगितले, आमच्या जुन्या सिस्टीममध्ये कोणीतरी हात घातला आहे. तो पडद्याकडे बघून म्हणाला, कुठली जुनी? ही नवीच आहे. सतरा दिवस तुम्ही हिच्यावरच काम करताय.
मग त्याने संगणकाची आतली नोंद उघडून दाखवली. ११ नोव्हेंबर, संध्याकाळचे ७ वाजून ३८ मिनिटे, 'आत्ता'. म्हणाला, पासवर्ड टाकून तुम्हीच बसला होतात. मी म्हणालो, माझा पासवर्ड दुसऱ्या कोणाला शुद्ध लिहिताच येणार नाही. तो म्हणाला, मी तेच सांगतोय साहेब.
'सिद्ध'चेही विचारून घेतले. नव्या सिस्टीममध्ये तो शब्द पहिल्या दिवसापासून बरोबर आहे, म्हणे. माझ्या पत्राआधीपासून.
मालक म्हणाले, अकरा तारखेला त्या वेळी दुकानात कोण होतं? कोणालाच आठवेना. काकांना काल काय जेवले तेही आठवत नाही. नवी बोटांवर दिवस मोजत होती आणि तिचे मोजणे चुकत होते. मी गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच राहिली असती. मी गप्पच बसलो होतो.
मालक म्हणाले, तुझ्याकडे नोंद आहे ना, तारीखवेळेसकट? काढ वही.
वाचली. मालक दुपारपासून बाहेर, नवी साडेसहालाच गेली. कंसातलेही वाचावे लागले, कारण मध्येच थांबलो तर काका म्हणाले, पुढं वाचा, अहो. 'मोठ्या कळा पाच वेळा' इथे दुरुस्तीवाल्याला हसू आवरेना. म्हणाला, त्यातल्याच एका मोठ्या कळीनं 'आत्ता' होतं. पाचदा दाबलीत, चांगलं पक्कं केलंत.
४,११२ नंबर मोजले. सगळे जागच्या जागी.
नवी एक काच पुसत होती. ती उजेडात धरून बघत म्हणाली, बरं झालं, तुम्ही कंसातसुद्धा खरं लिहिता.
मालकांनी दुसरे काही विचारले नाही. नवीला कायम केले. संगणक तिच्याकडे दिला. मी आणखी सहा महिने तात्पुरता, आणि कळफलकाला फडके लावायचे नाही. हे शेवटचे त्यांनी दोनदा सांगितले.

शनिवार, २९ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.४०
आईने विचारले, कायम केलं का? म्हटले, दुकानात एकाला केलं. आई खूश झाली. सोमवारी सांगेन.
सकाळी नवीला पासवर्ड सांगितला. तिने पहिल्याच फटक्यात शुद्ध लिहिला, दोन्ही ठिकाणी. म्हणजे तिला तो शब्द आधीपासूनच... हे वाक्य पुरे करत नाही.
तिला आता नवी म्हणणेही बरोबर नाही. ती कायम आहे.

हिशेब.
जाड वह्या सहा: ३६०. (एक पान फाटलेले, बाकी जवळजवळ कोऱ्या.)
पेन ड्राइव्ह, धुतलेला: ४५०.
काडी: १२०.
दुरुस्तीवाला: ५००. पैकी २५० मी दिले, २५० मालकांनी.
एकूण खर्च: १,४३०.
देणे: मालकांना २५०, पगारातून. तिला माफीपत्र एक. कच्चा मसुदा दीड पान झाला आहे. एकही चूक नाही, तरी वाचताना कुठेतरी चुकल्यासारखे वाटते. पुन्हा लिहावा लागेल.
येणे: 'दादा', एक.