दोन उजव्या बाह्या

आई,

तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण ती कळायला आधी आयसी म्हणजे काय ते सांगावं लागेल. मी रेडिओ उघडून बसायचो तेव्हा आत काळ्या गोमेसारखे तुकडे असायचे, दोन्ही बाजूंना पाय फुटलेले. तू विचारायचीस, "हे चावतं का रे?" तीच आयसी. हल्ली ती नखाएवढी झाली आहे आणि तिचे पाय बाहेर दिसतही नाहीत, पोटाखाली चांदीच्या टिकल्यांसारखे चिकटलेले असतात. ती ज्या बोर्डावर बसवायची, त्याच्यावर तशाच टिकल्या, तेवढ्याच अंतरावर, आधी काढून ठेवाव्या लागतात. त्या नक्षीला फूटप्रिंट म्हणतात, म्हणजे पाऊलठसा. गौरी यायच्या आधी तू दारापासून चुलीपर्यंत पावलं काढायचीस, तसं समज. मात्र ही पाहुणी फार मानी. पावलं जरा चुकली तर बसत नाही, नाहीतर बसते आणि जळून जाते. नेहमीच्या आयसींचे ठसे कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतात. ज्या आयसीचा मिळत नाही तिचा आपण मोजून काढायचा. आपल्या दुरुस्तीच्या दुकानात ते काम आता माझ्याकडे आहे.

दुकान तुझी नातसून चालवते. तू तिला पाहिलं नाहीस. डिप्लोमा झालेली आहे, बोलायला फटकळ, हाताला स्वच्छ. माझा हात कापायला लागला तेव्हा सोल्डरिंगचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. मला वाटलं, आता मला घरी बसवणार. आठवडाभर जेवण गेलं नाही. तर तिने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही गॅसचं बटण चार वेळा बघता ना, मग हे काम तुमच्याइतकं कुणाला जमायचं नाही." ती मला हिणवत होती की मान देत होती, अजून कळलेलं नाही. माझं शिक्षण सातवीचं, ते तुला ठाऊकच आहे. कंपनीच्या कागदावरचं इंग्रजी मला लागत नाही, पण चित्र लागतं आणि मापं लागतात. हा पाय एवढा रुंद, त्या पायापासून हा पाय एवढ्या अंतरावर. तुझ्या वहीत छाती, कंबर, बाही असायची, तसंच हे. तिने उंदीर कसा धरायचा इथपासून मला शिकवलं. कॉम्प्युटरच्या त्या यंत्राला उंदीरच म्हणतात. तू हसली असतीस.

पावसाळा संपता संपता देवरुखच्या वरच्या एका वाडीतून एक बाई दुकानात आली, बरोबर तिची मुलगी, पंचविशीची. मुलगी जन्मापासून बोलत नाही. तिच्या गळ्यात एक डबा होता, त्यावर चित्रांची बटणं. तांब्याचं चित्र दाबलं की डबा बोलायचा, पाणी. ताटाचं दाबलं की, भूक. पोटाचं दाबलं की, दुखतंय. कुठल्याशा संस्थेने दिलेला डबा, तो बंद पडला होता आणि ती संस्था आता तिथे राहिली नव्हती. बाई म्हणाली, "डबा बंद पडला नि पोर माझी परत मुकी झाली बघा. आधी तिला म्हायतीच नव्हता बोलायचा कसा असतो तो. आता म्हायती झालाय. म्हून जास्त रडते." मुलगी आमच्या टेबलावर बोट आपटत होती, बंद बटणावर आपटावं तसं. नातसुनेने डबा उघडला. आवाज साठवून ठेवणारी आयसी मेलेली होती आणि त्या आकाराची आता कोणी बनवत नाही. नव्या आकाराच्या, पोटाखाली पाय असलेल्या, मोठ्या शोधाने दोन मिळाल्या. त्या आयसीसाठी नवा बोर्ड करायचं ठरलं. ठसा मी काढायचा.

मला त्या दिवसापासून घोर लागला. बोर्ड बाहेरगावी बनून येतो, त्यात आठवडे जातात. एवढीशी आयसी एकदा तापवून चिकटवली की उपटून पुन्हा लावता येत नाही, बहुतेक मरते. ठसा चुकला तर ती पोर आणखी किती दिवस टेबलावर बोट आपटत राहील, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी कंपनीचा कागद समोर ठेवला. त्यावर आयसीचं पोट काढलेलं होतं, प्रत्येक पायाला आकडा दिलेला. मी ते बघत बघत एकेक टिकली कॉम्प्युटरवर ठेवली, आकडा दिला, माप ताडून पाहिलं, पुन्हा ताडलं. मग खऱ्या मापाचा कागद छापला आणि चिमट्याने आयसी त्यावर ठेवली. तू ब्लाऊज बेतताना आधी पेपर कापून गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून बघायचीस ना, तेच. भिंगातून पाहिलं. प्रत्येक पाय आपल्या टिकलीवर. नातसुनेनेही भिंग लावून पाहिलं आणि म्हणाली, "झकास बसलीय. तुम्ही जेवून या, मग पाठवून देते."

जेवायला घरी आलो, तर नुसता भात चिवडत बसलो. तुझी सून म्हणाली, "अहो, आमटी निवली. ती तुमची आयसी काय पळून जात नाही." पण मला काहीतरी टोचत होतं. सगळं बरोबर बसलं की मला बरं वाटत नाही, हे तुला माहीत आहे. आणि तेव्हा कुठूनसा तो लाल खण आठवला.

तेव्हा मी मुंबईहून नुकताच परत आलो होतो. अण्णामामांनी त्यांच्या कारखान्यात मला चिकटवलं होतं आणि मी खोलीला कुलूप लावलंय की नाही ते बघायला कामावरून धावत परत यायचो. शेवटी त्यांनीच मला गाडीत बसवून दिलं. वीस-बावीस वर्षांचा घोडा मी. वाडीतले म्हणाले, गेला होता कामगार व्हायला, आला शिंपीण होऊन, कारण तू मला काहीही न विचारता बटणांची वाटी पुढे सरकवलीस आणि म्हणालीस, "बस. काजं कर." मग हळूहळू कात्रीही दिलीस. लग्नातल्या एका ब्लाऊजचं कापड होतं, लाल खण, एका बाजूने नक्षी, उलट बाजूला नुसते धागे. कापड तोकडं, म्हणून दुमडून कापता येईना. मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर पसरून एक बाही कापली, मग तोच कागद तसाच ठेवून दुसरी कापली. मापात तंतोतंत. बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जरा खोल असतो आणि दोन हातांच्या बाह्या एकमेकींच्या उलट लागतात, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून कापली. तू दोन्ही उचलल्यास, उजेडाकडे धरल्यास आणि म्हणालीस, "मेल्या, नवरीला दोन्ही हात उजवे आहेत होय रे?"

मी रडायला लागलो. तू चूल सोडून माझ्याजवळ बसलीस. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाहीस, तुला ते जमायचं नाही. दोन बाह्या घेतल्यास, नक्षीला नक्षी लावून एकमेकींवर ठेवल्यास, म्हणालीस, "हात जोडल्यासारख्या ठेवून बघायच्या. जुळल्या तर एक डावी, एक उजवी. नाही जुळल्या तर गाढवपणा." पुढे म्हणालीस ते मी जन्मभर वापरलंय. "तुला घाबरायचंच आहे ना? मग कात्री लावायच्या आधी घाबर. पोटभर घाबर. नंतर घाबरून कुणाला काय मिळणार?" मग गिऱ्हाइकाला विचारून त्याच कापडाच्या साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकातून तू पट्टी काढलीस आणि बाही नव्याने जोडलीस. सांधा काखेत गेला, कुणाला दिसला नाही. लग्नाला आपण जेवायला गेलो होतो. मी सगळा वेळ नवरीच्या काखेकडे बघत होतो, तेव्हा तू मला ताटावरून चिमटा काढलास.

आमटी तशीच टाकून मी उठलो. दुकानाच्या वाटेवरच मी माझे दोन तळहात समोर धरून पाहिले. लोक बघत होते, बघू देत. डावा तळहात म्हणजे आयसीचं पोट, उजवा म्हणजे बोर्ड. डाव्या हाताचा अंगठा डावीकडे, मग बोटं करंगळीपर्यंत. उजव्यावर मात्र डावीकडे करंगळी आणि अंगठा शेवटी. म्हणून तर हात जोडले की अंगठ्याला अंगठा लागतो. आयसीसुद्धा बोर्डावर पोट टेकून बसते, हात जोडल्यासारखीच. आणि मी काय केलं होतं? कागदावर पोट जसं दिसलं तसंच बोर्डावर उतरवलं होतं. दोन डावे हात. आयसी चौकोनी, चारी बाजूंना सारखेच पाय, म्हणून कागदावर झकास बसली. पण पाय सगळे एकमेकांच्या घरी.

दुकानात शिरलो तर नातसून मान वर न करता म्हणाली, "बाबा, पाठवू ना?" मी म्हटलं, "थांब गो. दोन्ही बाह्या उजव्या झाल्यात." तिला काही कळलं नाही. मग मी तिच्यापुढे हात जोडले. ती दचकलीच, सासरे हात जोडतायत म्हणून. मी म्हटलं, "तसं नव्हे, बोटांकडे बघ." तिने माझे हात उघडून पाहिले, मिटून पाहिले, कागद बघितला, आणि खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, "बघून पण दिसलं नाही मला. कॉलेजात हेच केलं होतं मी, आख्खी बॅच वाया गेली होती." मग दोघांनी मिळून सगळे आकडे फिरवले. मी आयसी पोटावर निजवून, उठवून, परत निजवून पाहत राहिलो. तीही स्वतःचे हात जोडून ताडून पाहत होती. समोरचा पानवाला विचारून गेला, आज दुकानात पूजा आहे काय?

आई, मला लोक आयुष्यभर म्हणाले, एवढं घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, अण्णामामा म्हणाले, तुझी सून तर रोज म्हणते. तू एकटी कधी म्हणाली नाहीस. तू माझ्या भीतीला काम दिलंस. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मला ठेवायला घेऊन गेलीस तेव्हाही मालकाला म्हणालीस, "पोरगा घाबरट आहे, आधीच सांगत्ये. पण घाबरट माणूस तार उलटी जोडायचा नाही." मी दाराशी उभा राहून शरमेने मेलो होतो. त्यांनी मला ठेवलं आणि दुकानातून बाहेर जाणारा प्रत्येक रेडिओ शेवटी माझ्या हातून जायला लागला. त्या एका वाक्यावर मी संसार केला. त्याबद्दल तुला तेव्हा दोन बरे शब्द कसे बोलावेत ते मला कळलं नाही, आणि नंतर तू राहिली नाहीस.

बोर्ड आला. नातसुनेने आयसी बसवली, मी त्या वेळी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या माय-लेकी आल्या. बाईने डब्याशी तोंड नेऊन एकेक शब्द भरला, लाजत, पदर तोंडाला लावून. मग डबा मुलीच्या गळ्यात घातला. तिने तांब्या दाबला. "पानी पायजे," डबा तिच्या आईच्या आवाजात बोलला. मुलीने पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. दुकानात कुणीच पाणी आणायला उठेना, सगळे नुसते ऐकत होतो, शेवटी बाईच तांब्या घेऊन धावली.

मला मात्र अजून खात्री नव्हती. मी म्हटलं, ताट दाब. तिने दाबलं. पोट दाब. दाबलं. आता पुन्हा सगळी पहिल्यापासून. तिने दाबली. मी म्हटलं, एकदा उलट्या बाजूने. तेव्हा तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि कोपऱ्यातलं एक बटण दाबलं, उघड्या पंजाचं चित्र असलेलं. डबा म्हणाला, "पुरे आता."

तिची आई ओशाळली. नातसून तोंड फिरवून हसत राहिली. मी हात मागे घेतले. दाराची कडी बघायला मी तिसऱ्यांदा उठलो की तू अंथरुणातून अगदी असंच म्हणायचीस, आणि मी तेवढ्यापुरता झोपायचो.

हे पत्र कुठे टाकणार, तुझा पत्ता कुणाकडे आहे? घडी करून तुझ्या मशीनच्या खणात ठेवतो. पुन्हा वाचून तपासणार नाही, असं ठरवलंय. त्या संध्याकाळी दुकान बंद करतानाही मी कुलूप एकदाच ओढून पाहिलं आणि सरळ चालू लागलो. पार कोपऱ्यापर्यंत गेलो. मग परत आलो, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.