धारचं रंधा मशीन

अण्णा, तुमचं रंधा मशीन मी विकत घेतलं. तुम्ही शिकवायचात तो शाळेचा सुतारकाम विभाग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, यंदा तिथलं सगळं भंगारात काढलं. तुमच्या हाताखालचा म्हातारा मदतनीस अजून धारलाच राहतो, त्यानं मला देवासला फोन करून कळवलं. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये उभी होते. खिडक्यांना काचा नाहीत, जमिनीवर पारव्यांची घाण, आणि मधोमध ते मशीन, तुमच्या वेळी होतं तिथेच. दोन्ही टेबलं गंजलेली, मधला पात्यांचा रूळ जाम. भंगारवाला म्हणाला, "मैडम, इसको तो तोड़ के ही ले जाना पड़ेगा." मी म्हटलं, "तोड़ना नहीं है. साबुत जाएगा." तो हसला. मी पैसे मोजले आणि पावती मागितली.

देवासला माझा दारं-खिडक्यांचा कारखाना आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेल्यावर काढला. बी.एस्सी. होऊन मी शाळेत शिकवावं असं तुम्हाला वाटत होतं. ते अकरा वर्षं केलं आणि सोडलं. लाकडाचं काम मी परक्यांकडून शिकले, कारण तुमच्या शेडमध्ये बाराव्या वर्षानंतर मी पाऊल टाकलं नव्हतं. का, ते तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे.

आजोबा धार संस्थानच्या दरबारात कारकून, त्यामुळे घरात खंडेनवमीला तलवारीची पूजा. ती तलवार मोठ्या काकांकडे गेली. तुमच्या वाट्याला शाळेतली मुलं आणि रंधा मशीन आलं, तेव्हा तुम्ही खंडेनवमीच शेडमध्ये नेलीत. तेलात कालवलेला शेंदूर मशीनच्या बेअरिंगवर, सगळ्यांना दिसेल असा समोरून लावायचात. नेमकं तिथेच तेल सोडायचं भोक होतं. वर्षाला एक थर, आणि थर खरवडायचा नाही, कारण तो देव. "आधी तेल, मग बटण" हे तुम्हीच मला शिकवलेलं. मी बारा वर्षांची होते त्या वर्षी पूजा झाल्यावर बघते तर भोक पार बुजलेलं. मी केसातला आकडा काढून ते मोकळं केलं. एवढ्यात तुम्ही प्रसादाचं ताट घेऊन आलात, मागे वर्गातली सगळी मुलं.

"कुणी केलं हे?"

"मी. तेल जात नव्हतं."

"मला शिकवतेस? पूजेला आकडा लावतेस? चालती हो इथून."

मुलं हसली. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई श्रीखंड वाढतेय, तुम्ही पाटावर बसलाय आणि मी म्हणतेय, "तेल गेलं नाही तर बेअरिंग जळेल." तुम्ही पानातून मान वर न करता म्हणालात, "मुकाट्यानं जेव." मी जेवले. पण बेअरिंग जळणार हे माझ्या डोक्यात पक्कं झालं, आणि पुढची पन्नास वर्षं ते तसंच राहिलं. तुमच्याशी बोलताना, तुमची औषधं आणून देताना, तुम्ही गेलात तेव्हासुद्धा.

मशीन उचलायला पीथमपूरहून हायड्रा क्रेन मागवली. शेडचं दार बुटकं, क्रेन आत येईना. मग पहारीनं एकेक कोपरा उचलून खाली लोखंडी पाइप सारले आणि त्यांवरून ते सरकवत बाहेर आणलं. सकाळी दहाला सुरुवात केली, साडेतीन वाजले. बाहेर हायड्रावाल्यानं पट्टा सरळ टेबलाखालून घातला. टेबल ओतीव बिडाचं, ते वाकत नाही, एकदम तुटतं. मी म्हटलं, "पट्टा खोलो. बॉडी के नीचे से डालो, नहीं तो हायड्रा वापस ले जाओ."

"अरे मैडम, टेंशन मत लो, ऐसे कितने उठाए."

"इसको मेरे हिसाब से उठाओ."

त्यानं पट्टा सोडला आणि माझ्या मेकॅनिकला हळूच विचारलं, "भिया, ये मास्टरनी हैं क्या?"

"थीं," मेकॅनिक म्हणाला. "आदत नहीं गई."

मी ऐकलं नाही असं दाखवलं. मशीन घेऊन ट्रक इंदूरच्या बायपासनं सायकलच्या वेगानं चालला होता आणि त्याच्यामागे मी गाडीत.

कारखान्यात आणल्यावर पहिलं काम बेअरिंग उघडायचं. मेकॅनिकनं रॉकेल लावून शेंदूर खरवडला. बोटभर जाड थर, खपल्या निघाव्यात तसा निघाला. खालचं भोक दगडासारखं बंद. माझं बरोबर होतं. तो म्हणाला, "पहले चाय पी लें?" मी म्हटलं, "पहले ढक्कन." झाकण निघालं. आतला पांढरा धातू चकचकीत, एक चरा नाही. त्यानं बोट फिरवलं. "मैडम, इसमें तो तेल है." मग त्यानं हात मागे घातला. बेअरिंगच्या मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असं, दुसरं भोक होतं. त्यात तांब्याची नळी आणि तिच्या तोंडाला सागाची छोटी गुळगुळीत खुंटी. असं काम मशीनबरोबर कारखान्यातून येत नाही. जाम झाला होता तो नुसता रूळ, वरच्या गंजानं.

मी धारला म्हाताऱ्याला फोन लावला.

"वो छेद? सर ने करा था. जिस साल आपको डाँट पड़ी थी ना बाई, उसी दिवाली की छुट्टी में. मैं लालटेन पकड़ के खड़ा था. फिर हर साल का नियम, सिंदूर आगे से, तेल पीछे से. सर रिटायर हुए तब भी नए मास्टर को बोल के गए."

"मुझे क्यों नहीं बताया?"

तो बराच वेळ हसला. "सर बोले थे, छोरी को मत बताना. माथे पे चढ़ के बैठेगी."

मी फोन ठेवला आणि मेकॅनिकला चहा सांगितला.

आता मशीन चालतं. नवी मोटर बसवली, पाती धार लावून घातली. पहिली सागाची फळी निघाली ती सरळ. दोन फळ्या एकमेकींवर ठेवल्या तर मधून उजेड दिसत नाही. कामगारांना मी सांगितलंय की जुनं बीड थरथरत नाही म्हणून हे घेतलं. ते खरंच आहे. पण आमच्याकडचं नवं रंधा मशीन व्यवस्थित चालू होतं, आणि दाराच्या फळ्यांना तेवढं पुरत होतं.

हे पाठवायची सोय असती तर पुढचं मी लिहिलं नसतं. मी हे मशीन जळलेलं बेअरिंग बघायला घेतलं होतं. झाकण निघालं, आत सगळं शाबूत दिसलं, आणि अण्णा, मला आधी आनंद झाला नाही. वाईट वाटलं.