चाखणं म्हणजे खाणं नव्हे

१२ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या लिहा, म्हणून लिहितेय. "तोंडात जे जाईल ते सगळं लिहायचं, सत्यभामाबाई. आणि नंतर पोट काय म्हणतं तेही." दहावीनंतर आज वही हातात घेतली, तीसुद्धा पोटासाठी!

तर— सकाळी चहा, दोनदा. नऊला दूध-भाकरी. दुपारी भाकरी, वांग्याचं भरीत, वाटीभर दही. तीनला चहा. चारला पोट ढोलकं. पाचला अशी गुडगुड सुरू झाली की योगिता म्हणाली, "आत्याबाई, दारात टमटम आलंय का बघू?" सून आहे का वैरीण! मलाही हसू आलं. हसल्यावर जास्तच दुखलं.

चुलतसासू मुक्ताबाई आल्या होत्या. "गरम दुधात तूप टाकून पी, आतडं नरम पडतं." प्याले.

१३ सप्टेंबर

काल त्या दुधानंतर काय झालं ते लिहिणार नाही. डॉक्टरीणबाई वाचणार आहेत.

१५ सप्टेंबर, रविवार

दिवसभर काम काय करता, तेही लिहा म्हणाल्या होत्या. राहिलंच.

आमची खव्याची भट्टी आहे. हे आणि माझा मुलगा परमेश्वर पहाटे गावातलं दूध गोळा करून आणतात. चार चुली, चार कढया, उलथण्यानं हलवायला दोन गडी. दिवसाला वीस-बावीस कढया उतरतात. माझ्याशिवाय एकही उतरत नाही. दूध आटत आलं की चिमूट घ्यायची, फुंकायची, जिभेवर ठेवायची. उतरवताना पुन्हा. गार झाल्यावर पुन्हा. कच्चा राहिला का, करपला का, कुणाच्या घरचं दूध आंबायला लागलं होतं— सगळं कळतं. सासूबाईंनी शिकवलं. अठ्ठावीस वर्षं झाली.

नगरचे मिठाईवाले मोहनराव फोनवर आधी एकच विचारतात, "बाईंनी चाखला का?" हे 'हो' म्हणाले की मगच, "पाठवा."

मी ऊसतोडीच्या कोपीतून, पाचटाच्या झोपडीतून, या घरात आले. पहिली दोन वर्षं मला कुणी नावानं हाकसुद्धा मारली नाही. "ए, पाणी आण." मग मला खवा कळायला लागला आणि घरात माझा शब्द चालायला लागला. अभिमान आहे मला त्याचा. का नसावा?

२० सप्टेंबर, शुक्रवार

आष्टीला गेले. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली आणि चष्मा काढून हसायलाच लागल्या. "चहा, दूध, दही, ताक, बासुंदी, परत ताक... अहो, ही वही पोटाची आहे का दूध डेअरीची?"

मग नीट समजावलं. दुधात एक साखर असते. काहींना वय वाढलं की ती पचेनाशी होते. मग गॅस, फुगारा, मुरडा. "पंधरा दिवस दूध-दही पूर्ण बंद. मग बघू."

मी म्हणलं, "आवं, पण पोट दुखलं की मी ताकच पिते की!"

"तेच तर म्हणतेय मी."

परत येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले. खवेवालीला दूध सोसत नाही! कुणाला सांगायची सोय आहे का? लोक म्हणतील, ह्यांचा माल ह्यांनाच सोसत न्हाई अन् जगाला खाऊ घालतात. आणि मोहनराव? ते तर दुसरी भट्टी बघतील. फक्त योगिताला सांगितलं. ती नेकनूरची, बारावी सायन्स. "मला वाटलंच व्हतं," म्हणाली. हिला सगळं आधीच वाटलेलं असतं!

२३ सप्टेंबर

काळा चहा. कडू जहर. गोठ्यात गेले तर म्हैस माझ्याकडं बघत होती. मीच नजर चुकवली.

२७ सप्टेंबर

कुणी म्हणेल ओढ म्हणजे काय असते, तर माझ्याकडं यावं. दोन बाळंतपणांत एवढे डोहाळे लागले नव्हते. शेजारणीनं दारात उभ्या उभ्या ताकाचा पेला तोंडाला लावला, तर माझा घसा आपोआप हलला. तिनं विचारलं, "देऊ का?" मी म्हणलं, "नको गं, आत्ताच पिले." खोटारडी मी!

जे सोसत नाही त्याचीच एवढी ओढ का? डॉक्टरीणबाईंना विचारायचंय.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जिंकले! अकरा दिवस दुधाचा थेंब नाही, दह्याचं बोट नाही— आणि पोट तसंच! आजसुद्धा पाच वाजता टमटम आलं. म्हणजे दूध निर्दोष! इतकं दुखत होतं, तरी आनंदानं भाकरीचा घास जास्त गेला. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ही वही आपटते.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आष्टीला गेलेच नाही. त्याआधी घरातच फजिती झाली.

काल सकाळपासून योगिता भट्टीवर माझ्या मागं मागं, हातात एक स्टीलचा डबा. मी कढईतनं चिमूट घेतली की तीही तेवढीच घ्यायची आणि डब्यात टाकायची. मला वाटलं, शिकतीय पोरगी. मनातल्या मनात कौतुकसुद्धा केलं! काल संध्याकाळी शेवटची कढई उतरली, तसा तिनं तो डबा काट्यावर ठेवला. माझ्यासमोर. ह्यांच्यासमोर. गड्यांसमोर.

तीनशे दहा ग्रॅम.

"आत्याबाई, हे आज तुमी खाल्लं."

"खाल्लं न्हाई, चाखलं!"

"एकाच तोंडातनं गेलं ना?"

"आगं, चाखणं म्हणजे काय खाणं असतं का? हरतालिकेला निर्जळी उपास असतो माझा, तव्हासुद्धा चाखते मी. उपास मोडत न्हाई. तुझ्या आजेसासूनं सांगितलंय."

"देवीला चालत आसंल," योगिता म्हणाली, "पोटाला कुठं माहीत?"

गडी तोंड फिरवून हसले. मी तडक घरात आले. काल चिडले होते म्हणून कालचं आज लिहितेय. वही चाळली. बारा तारखेपासून एकदाही, एकाही पानावर खवा नाही! खोटं नव्हतं लिहिलं. मला ते सुचलंच नव्हतं. काम कुणी जेवणात धरतं का?

दीड लिटर दूध तरी होईल त्याचं. रोज. अठ्ठावीस वर्षं. आगं माय!

५ ऑक्टोबर, शनिवार

युक्ती काढली. चाखायचं आणि थुंकायचं. पहिल्याच कढईला हे ओरडले, "लक्षुमीवर थुंकतीस व्हय गं!" खरंच की. चुलीसमोर थुंकणार कसं? कोपऱ्यापर्यंत पळत जायचं म्हणलं, तर दोनदा वाटेतच गिळला. जीभ ऐकतच नाही.

८ ऑक्टोबर

ह्यांना सगळं सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "मग चाखायचं कुणी? आन् तू काय करणार?"

साधं विचारलं होतं. पण मला लागलं. तू काय करणार! पदराला हात पुसले आणि भाकरी थापायला बसले. डोळ्यांतलं पाणी धुरावर ढकललं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

योगिता चाखते. मी नुसती बोटांनी चोळून बघते. आज तिसरा दिवस, तोंडात चिमूटभरही नाही.

पाच वाजले. सहा वाजले. गुडगुड नाही. मी मुद्दाम ओसरीवर बसून वाट बघितली— पाहुणा यायचा असावा तशी! आला नाही. परकराची नाडी दोन बोटं मागं आवळली. केवढं हलकं वाटतंय, काय सांगू. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाईचं पोट असंच असतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

आज लिहायचं नव्हतं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सगळं.

सगळे सोनं वाटायला गेले. भट्टीवर मी एकटी. कढईला खालून लागलेली खरवड— तांबूस, खमंग, तूप सुटलेली. एक तुकडा घेतला. मग कढईच स्वच्छ केली. दुसरी स्वच्छ केली. तिसरी, चौथी पण. घासायला काही ठेवलंच नाही! एवढं सुख अर्धा तास मिळालं. पुढचे सहा तास संडास आणि ओसरी, ओसरी आणि संडास.

योगिता सोनं घेऊन पाया पडायला आली. माझं तोंड बघून म्हणाली, "चारी कढया?" मी मान हलवली. ती गूळ घातलेला काळा चहा घेऊन आली. चांगली आहे पोरगी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

योगिता चुकली! तिनं चाखलं, म्हणाली, "उतरवा." मी बोटात चोळलं, तर आत अजून ओल. म्हणलं, "तीन मिनिटं थांब." थांबलो. तूप सुटलं, बरोबर झाला.

मला आनंद झाला. ती चुकली म्हणून झाला. पानावर लिहिते, कारण तोंडानं कुणाला सांगणार? सासू ती सासूच!

१६ ऑक्टोबर

कोजागरी. सगळ्यांनी मसाला दूध पिलं. मी शेंगदाणे खाल्ले. कुणी मेलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज सहाव्या कढईला योगिता थांबली. "आत्याबाई, हे आंबूस लागतंय." मी बोटात चोळला— मऊ, दाणा छान. वास घेतला— काही नाही. "उगं शंका काढू नको," म्हणलं. तिनं ऐकलं नाही. कढई बाजूला ठेवायला लावली. मग परमेश्वर आठवून बोलला, एक कॅन उन्हात राहिली होती. तासाभरानं मलाही वास आला.

म्हणजे माझ्या एकटीवर असतं तर तो खवा नगरला गेला असता, दिवाळीच्या तोंडावर. पोरीनं आमचं नाव राखलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण दुपारभर ओसरीवर बसून राहिले. हात मोकळे, आणि काय करावं सुचेना. कुणी विचारायलाही आलं नाही. कोपीतून आले होते तेव्हा बसायची, तशी बसले होते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मोहनरावांचा फोन. दिवाळीचा सगळ्यात मोठा माल. ह्यांनी मोबाईल स्पीकरवर टाकला.

"बाईंनी चाखला का?"

हे माझ्याकडं बघायला लागले. खोटं बोलले असते तरी चाललं असतं. मीच मान हलवली, सांगा म्हणून.

"न्हाई. तिला दूध सोसत न्हाई आता. सूनबाईनं चाखलाय. हिनंच शिकवलीय."

मी देवाचं नाव घेतलं.

"बरं," मोहनराव म्हणाले, "पाठवा."

एवढंच? बरं पाठवा? अठ्ठावीस वर्षं मी पोट फुगवून घेतलं, आणि हा बाबा म्हणतो बरं पाठवा! आधी रडू आलं. मग असं हसू सुटलं की थांबेना. हे घाबरले, "आगं, काय झालं?" योगिता पण हसायला लागली. दोघी भुईवर बसून हसलो.

मग तिलाच म्हणलं, "माझ्याशिवाय चालतंय की गं." म्हणाली, "चालतंय. पण चोळून बघायला तुमीच लागता. माझ्या बोटांना ओल कळत न्हाई अजून." बरं वाटलं. खरं सांगितलं का मन राखलं, देव जाणे.

२३ ऑक्टोबर

माझी थोरली बहीण रतनबाई माजलगावला असते. दर दिवाळीआधी फोन करते, "ये की गं." मी म्हणते, "भट्टीवर चाखायला कोण?" आज तिनं विचारायच्या आधी मीच सांगितलं, "परवा येतेय." तिला वाटलं, घरात कुणी गेलं!

ह्यांनाही सांगितलं. "दिवाळीच्या तोंडावर?" म्हणाले. मी म्हणलं, "हो." दोन दिवस बोटांनी चोळायला तेही शिकतील.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. माजलगाव

आक्कानं चहा टाकला. मी लाजत लाजत म्हणलं, "माझा बिनदुधाचा." तिनं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

"तुला बी?"

दहा वर्षं झाली तिला दूध सोडून! तेच पोट, तोच फुगारा. मी दर दिवाळीला दोन किलो खवा धाडायचे, तो सगळा ती शेजाऱ्यांना वाटायची. मी चिडले. म्हणलं, "मग मला सांगितलं कावून न्हाईस?"

"खव्याच्या भट्टीवर फोन करून सांगू व्हय, दूध सोसत न्हाई म्हणून? वाटलं, भेटली की सांगीन." तिनं माझ्या कपात काळा चहा ओतला. "तू आलीस कव्हा?"