नर्गिसचे गड्डे आणि माय

आबा,

लोकांची टर उडवून मी आजवर पोट भरलं. सासऱ्यांवर लिहिलं, पुढाऱ्यांवर लिहिलं, एका संपादकावर तर त्याच्याच दिवाळी अंकात लिहिलं. तुमच्यावर मात्र एक ओळ छापली नाही. लोकांना वाटतं, बापाची भीड असेल. भीड कसली? विनोद करायला मूठ जरा सैल लागते, आणि तुमच्या बाबतीत माझी मूठ कधी सुटलीच नाही. आज सकाळी शेजारीण शेवंतीची रोपं घेऊन आली. म्हणाली, थंडी पडली, कुंडीत लावा, तेवढंच मन रमतं. मी नको म्हणाले. कारण सांगत बसले असते तर बिचारीचा चहा गार झाला असता, म्हणून ते तुम्हाला सांगते. तुमचा चहा काय, गार होऊन जमाना झाला.

दसरा झाला की तुमच्या अंगात यायचं. आपल्या हट्टा गावातले बाकीचे बाप तेव्हा ज्वारीच्या पेरणीमागं लागलेले असायचे, तुम्ही दारापुढच्या वाफ्यांमागं. लेंडीखत चाळणीनं चाळून घ्यायचात. आमच्या भाकरीचं पीठ त्या घरात कधी इतक्या मायेनं चाळलं गेलं नाही. झेंडू, डेलिया, आणि गुलदावदी, म्हणजे ती मोठ्या फुलाची शेवंती. तिच्या फांदीवर एकच कळी ठेवायची आणि आजूबाजूच्या साऱ्या खुडायच्या, मग ते एक फूल ताटलीएवढं होतं. खुडायला बारीक बोटं लागतात, म्हणून ते काम मायचं आणि माझं. पहाटेच्या दहिवरानं बोटं बधिर व्हायची आणि तुम्ही मागं उभं राहून म्हणायचात, "मधली न्हाई खुडायची. मधली साहेबाची." हा सगळा खटाटोप देवासाठी नव्हता, घरासाठी तर नव्हताच. थंडीत जिल्ह्याच्या तालुकदाराचा, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरचा, दौरा निघायचा आणि त्याचा मुक्काम आपल्या दारच्या लिंबाखाली पडायचा. साहेब खुर्चीत बसायचा, गाव उभं राहायचं. तुम्हाला त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची हवी होती. बस्स. माणसं मोक्षासाठी करणार नाहीत एवढं तप तुम्ही एका लाकडी खुर्चीसाठी केलंत.

संक्रांत दौऱ्याच्या आधी यायची, हा तिचा गुन्हा. एका वर्षी मायनं हळदी-कुंकवाला विचारलं, "चार फुलं घेऊ का? बायांच्या हातावर ठेवाया." तुम्ही म्हणालात, "दौरा झाला की समदीच घे." दौरा झाल्यावर त्या फुलांत घेण्यासारखं काय उरायचं ते गाईला विचारा, ती खायची. संध्याकाळी बाया आल्या. एकीनं चिमटा काढलाच, "काहो वैनी, दारात बाग अन् वेणीत काहून दुष्काळ?" माय तिच्या हातावर तिळगूळ ठेवत म्हणाली, "आमची फुलं सरकारी हायेत बाई. अर्ज करावा लागतो." आमच्या घरातला पहिला विनोदी लेखक कोण, ते मला त्या दिवशी कळलं.

मग नर्गिस आली. वसमतचे अत्तरवाले चाचा माल आणायला हैदराबादेला जायचे. त्यांनी तुम्हाला नर्गिसचे गड्डे आणून दिले, दिसायला कांद्यासारखे, वर तपकिरी साल. त्या थंडीत त्यांना पांढरी, मधे पिवळी वाटी असलेली फुलं आली. तालुकदार वाकला, त्यानं वास घेतला, "माशाल्लाह" म्हणाला आणि शिपायाला खूण केली. दुसरी खुर्ची आली! मी ओट्यावरून बघतेय, तुम्ही तिच्या नुसत्या कडेवर टेकलाय. पाठ टेकायचं काही तुमचं धाडस झालं नाही.

पानं पिवळी पडल्यावर तुम्ही ते गड्डे उकरले, सावलीत सुकवले आणि हळदीच्या रिकाम्या पोत्यात भरून कोठ्यात ठेवले. ज्या कोठ्यात शिजवायची हळद पोत्यांनी रचलेली, त्याच कोठ्यात, तसल्याच पोत्यात. हळद पिकवणाऱ्या घरातच होईल अशी ही चूक, आणि ती तुमची होती. चार दिवसांनी घरामागं चुलवण पेटलं, मोठी कढई चढली, मजूर खोळंबले. तुम्ही ओट्यावरून ओरडलात, "कोठ्यातली समदी पोती काढा. एक ठेवू नका!" मायनं पोती काढून दिली. एकही ठेवलं नाही.

हळद शिजताना गल्लीभर वास सुटतो. त्या दिवशी त्यात दुसराच कसला तरी उग्र वास मिसळला. ढवळणाऱ्या बाईनं झाऱ्यावर दोन-चार गड्डे वर काढले आणि ओरडली, "अगं माय, हळदीत कांदे कोणी टाकले?" तुम्ही पळत आलात. नर्गिस पिवळीधम्मक होऊन लिबलिबीत झाली होती. तुम्ही कढईकडं पाहिलंत, मग मायकडं, आणि सगळ्या मजुरांदेखत म्हणालात, "हिच्या बापाच्या घरी चुलीबिगर काय पाह्यलंय हिनं?" माय पदराला हात पुसत म्हणाली, "तुमीच म्हणलं, एक ठेवू नका." आवाज चढवला नाही तिनं. पण अख्खं गाव ज्याला "व्हय मालक" म्हणतं, त्याच्या कानाला खऱ्याची सवय नसते. "लई तोंड फुटलं. जा पुसेगावला भावाकडं. बोलावल्याबिगर यायचं न्हाई," म्हणालात. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली. मी मागं धावले तर तुम्ही माझा दंड धरलात. "पोरगी ऱ्हाऊ दे. कळ्या कोण खुडंल?"

रीत तुम्हालाही ठाऊक होती. धाडून दिलेल्या बाईनं आपणहून यायचं नसतं, भावानंही तिला आणून सोडायचं नसतं. नवऱ्यानं एकदा "ये" म्हणावं लागतं. एवढाच शब्द. मी सकाळी उठल्यापासून तुमच्या तोंडाकडं बघायचे, आज निघतो का म्हणून.

दिवाळीला मामा आला. तुम्ही वाफ्यात उकिडवे बसून माती सपाट करत होतात. तो म्हणाला, "दाजी, तुमी यायची तकलीफ घेऊ नका. नुसतं हूं म्हणा, म्या सकाळी गाडी जुंपतो."

"दौरा होऊ दे," तुम्ही वर न बघता म्हणालात.

"माझी बहीण काय गुलदावदी हाय, हंगाम बघून आणाया?"

तुम्ही माती थोपटत राहिलात. मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून, पाणीसुद्धा न पिता गेला. पुढं अत्तरवाले चाचा आले, नव्या गड्ड्यांची पिशवी घेऊन. घरात चहा मीच केला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. पिशवी तुमच्यापुढं ठेवून ते म्हणाले, "गड्डे मी पोतंभर आणून देतो मालक. भाभीजान कोणत्या दुकानात मिळतात, ते तुमी सांगा." तुम्ही हसलात. त्यांनी चेष्टा केली असंच तुम्हाला वाटलं. ते तुमचं हसू मी अजून माफ केलेलं नाही.

मग दर थंडीला तेच. दौरा होऊ दे. दौरे झाले, खुर्ची कधी मिळाली, कधी नाही, मी चुलीपुढंच वयात आले. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे साहेब गेले. त्या धुमाळीत मुसलमानांच्या वस्त्या उठल्या, वसमतला चाचांच्या दुकानाला कुलूप लागलं ते लागलंच. ते जगले की नाही, कोणी सांगेना. तुम्ही चौकशी केलीत ती, आता गड्डे कोण आणणार याची. आणि राज्य बदललं तरी त्याच वाफ्यांत, तेच खत चाळून, तुम्ही नव्या साहेबासाठी बाग केलीत. नवा साहेब जीपमधून आला. उतरला नाही. बसल्या जागी पाणी प्यायला, पेला माझ्या हातात दिला आणि गाडी गेली. तुम्ही हार घेऊन धुरळ्यात उभे. मला हसू आलं, आबा. पोटभर आलं.

त्याच थंडीत तुम्ही छातीत कफ भरून गेलात. मामा मायला घेऊन आला. ती दारात थबकली. गावातल्या बाया म्हणाल्या, ये बाई, आत ये. माय म्हणाली, "आता कोण बोलवायचं ऱ्हायलंय?" आणि उंबरा ओलांडून आत आली. पुढच्या हिवाळ्यात तिनं सगळ्या वाफ्यांत मेथी टाकली. चांगली आली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि तिकडं टपाल जात असतं तरी मी तिकिटाचा खर्च केला नसता. तरी एक सांगून टाकते. माझी पोरं लहान होती तेव्हा थोरल्यानं विचारलं, आजी रुसून गेली होती, मग परत कशी आली? मी म्हणाले, तुझे आजोबा हातातलं काम टाकून उठले, स्वतः गाडी जुंपून पुसेगावला गेले, वाटेत कुठं थांबले नाहीत, आणि दारात उभं राहून म्हणाले, चल. माय तिथंच तांदूळ निवडत बसली होती. पोरानं तिला विचारलं, "मग तू काय म्हणालीस, आजी?" तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. म्हणाली, "म्या म्हणलं, थांबा, लुगडं बदलून येते."

पोरांना ती गोष्ट खरी वाटते. मी खोडली नाही, खोडणारही नाही. आणि त्यातलं ते "चल" मी तुमच्या आवाजात म्हणते. तुम्ही ते कधी म्हणालाच नाहीत, तरी मला बराबर येतं.