विमानाने फक्त पन्नास मिनिटं

३ मार्च, मंगळवार
ताईचा फोन. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन शुक्रवारी सकाळी. आत नेण्याआधी मला भेटायचंय म्हणतात. साहजिक आहे. घरात डोकं चालणारा मी एकटाच.
ताई आणि भावोजी इथून गाडीने गावी निघणार. तूही चल म्हणाले. आठ तास! हसू दाबलं. इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत अंतर तीनशे दहा किलोमीटर, वेळ पन्नास मिनिटं. नेटवर चुटकीसरशी काढलं. भावोजींची नजर टायरच्या वर कधी जातच नाही.

४ मार्च
थेट विमान नाही. आधी उलट्या दिशेच्या मोठ्या विमानतळावर जायचं, तिथून दुसरं पकडायचं. किरकोळ बाब. भावोजींना सांगायची गरज नाही. मूळ अंतर तेवढंच राहतं.
बायको म्हणाली, गाडीनेच जा, बाबांजवळ एक संध्याकाळ तरी मिळेल. हिला नकाशा सरळ धरता येत नाही. तिकीट काढलं.

५ मार्च, सकाळ
भावोजी निघताना पुन्हा विचारायला आले. डिकीत उशा, थर्मास, पाण्याचा कॅन. मोहिमेवर निघाल्यासारखे. तुमच्यासाठी चहा मागवून ठेवतो म्हटलं. हसले बिचारे. टोमणाही कळत नाही.

दुपार
विमान लेट. काउंटरवरच्या मुलीला झापलं. तिने सॉरी म्हणून पुढच्याला बोलावलं. अडाणी कारभार.

संध्याकाळ, मोठा विमानतळ
पुढचं विमान मला न घेताच गेलं. निघालो तेव्हा होतो त्यापेक्षा आता बाबांपासून जास्त लांब आहे. पण हे तात्पुरतं. उद्याचं पहिलं मिळालंय.
ताईचा मेसेज: पोचलो. बाबा तुझी वाट बघतायत. ह्यांनी त्यांची दाढी करून दिली.
चला, भावोजींना हजामत तरी जमते.

६ मार्च, सकाळ
विमान बरोबर पन्नास मिनिटांत उतरलं. माझं गणित चुकलं नव्हतं.
विमानतळ मात्र गावापासून दीड तासावर, उजाड माळावर. टॅक्सी एकच. चार माणसं झाल्याशिवाय ड्रायव्हर हलेना. माणूस मख्ख.
बाबांचा फोन आला. पोचलोच म्हटलं.
"सावकाश ये," म्हणाले. "मला आत नेतायत."
आवाज बारीक येत होता. नेटवर्क भिकार.

दुपार, हॉस्पिटल
ऑपरेशन नीट झालं. बाबांना काचेतून पाहिलं. झोपेत होते. गाल गुळगुळीत.
नर्स बाहेर आली. भावोजींना म्हणाली, "शुद्धीवर आले की तुम्हालाच आधी सोडते. आत जाताना मुलाचा हात सोडत नव्हते हो."
मुलगा मी, असं तिला सांगायला हवं होतं. बॅग या हातातून त्या हातात घेतली. प्रवासानंतर तीच बॅग जड लागते.
बाकावर जागा नव्हती. भावोजी उठले.
"बस," म्हणाले. "फार लांबून आलास."
बसलो.